प्रवाळ जलजीवालयातील पोषक द्रव्यांचे नियंत्रण

प्रवाळ, मासे व इतर सागरी प्राणी एकत्र ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत नायट्रोजन व फॉस्फरस यांची संयुगे प्रमाणाबाहेर साचू न देणे, तसेच ती अगदी संपूही न देणे, म्हणजे पोषक द्रव्यांचे नियंत्रण होय. शंभर लिटरांहून कमी पाण्याच्या पेटीत हे काम विशेष अवघड असते. कारण जादा पडलेले अन्न सामावून घेण्यास तीत पाणीच थोडे असते.

उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींभोवतीचे पाणी पोषक द्रव्यांच्या दृष्टीने दरिद्री असते. तेथे फॉस्फेट दर लिटरला सु. ०·०२ मिग्रॅ. किंवा त्याहूनही कमी आढळते. तरीही तेथे जीवसृष्टी समृद्ध असते, याचे एक कारण म्हणजे प्रवाळांच्या ऊतकांत राहणारी झूझँथेली ही एकपेशीय शैवले. प्रवाळाने टाकून दिलेली द्रव्ये ती वापरतात आणि प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेले अन्न प्रवाळाला देतात. काचपेटीत मात्र बहुतेक सर्व पोषक द्रव्ये पाळणाऱ्याच्या चिमटीतून येतात. ४५ टक्के प्रथिन व १ टक्का फॉस्फरस असलेले १ ग्रॅम कोरडे मत्स्यान्न ६० लिटर पाण्यात पूर्ण कुजले, तर दर लिटरला नायट्रेट सु. ५ मिग्रॅ. व फॉस्फेट सु. ०·५ मिग्रॅ. वाढेल. मासे यातील काही भाग शरीरात साठवतात, म्हणून प्रत्यक्ष वाढ कमी असते. परंतु फॉस्फेटचा हा आकडा वरील नैसर्गिक प्रमाणाच्या पंचवीसपट आहे, हे ध्यानात घ्यावे.

प्रथिनांपासून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे सूक्ष्मजंतू प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करतात. सच्छिद्र खडकाच्या आतील, ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या भागात दुसरे सूक्ष्मजंतू नायट्रेटाचे क्षपण करून नायट्रोजन वायू मुक्त करतात. अशा ‘सजीव’ खडकाचा उपयोग इंडोनेशियातील ली चिन इंग यांनी १९६० च्या सुमारास प्रसिद्धीस आणला. फॉस्फेटाला असा हवेत निघून जाण्याचा मार्ग नाही. ते चुनखडीच्या खडकावर व वाळूवर चिकटून राहते आणि पाण्यातील प्रमाण घटले की पुन्हा सुटते. त्यामुळे एकदा काढलेले फॉस्फेट आठवड्याभरात परतलेले दिसते. यात मापनाची चूक असतेच असे नाही.

पाणी बदलणे हा सर्वांत साधा उपाय असला, तरी त्याची मर्यादा साध्या गणितानेच कळते. आठवड्याला दर लिटरमागे २ मिग्रॅ. नायट्रेट वाढत असेल आणि तितक्याच अवधीने १० टक्के पाणी बदलले, तर प्रमाण अखेरीस २० मिग्रॅ. वर स्थिरावते, २० टक्के बदलल्यास १० मिग्रॅ. वर. म्हणून मुळात अन्नच मोजून घालणे अधिक फलदायी ठरते. नव्या पाण्यासाठी नळाऐवजी व्यस्त तर्षणाने शुद्ध केलेले पाणी वापरावे. हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडून सेंद्रिय द्रव्य फेसाबरोबर काढणारी उपकरणे (स्किमर) खाऱ्या पाण्यात चांगली चालतात. स्वतंत्र कप्प्यात शैवल वाढवून त्याची वेळोवेळी छाटणी करणे, तसेच लोहाच्या ऑक्साइडाच्या दाण्यांवर फॉस्फेटाचे अधिशोषण करविणे, हेही प्रचारात आहे. व्हिनेगारसारखे कार्बनयुक्त द्रव्य थेंबाथेंबाने घालून सूक्ष्मजंतूंची वाढ घडवून आणतात व ते फेसातून काढून टाकतात. लहान पेटीत मात्र मात्रा थोडी चुकली तरी पाणी गढूळ होते, ऑक्सिजन घटतो व मासे दगावतात.

हिरवे केसाळ शैवल माजलेले पाहून अनेकजण हे सर्व उपाय एकदम योजतात. तेव्हा वेगळेच संकट ओढवते. नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर आले की प्रवाळ फिकट पडून उपाशी मरू लागतात आणि मोकळ्या झालेल्या पृष्ठांवर डायनोफ्लॅजेलेटांचा तपकिरी, बुडबुडेयुक्त थर पसरतो. त्यांतील ऑस्ट्रिऑप्सिससारख्या काही प्रजाती विषारी असून त्यांच्यामुळे गोगलगायी मरतात. सर्वसाधारणपणे नायट्रेट २ ते १० मिग्रॅ. व फॉस्फेट ०·०३ ते ०·१ मिग्रॅ. दर लिटरला राखणे पुरेसे मानतात. ठराविक आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा प्रमाण स्थिर राहणे महत्त्वाचे. कोणताही बदल काही आठवडे घेऊन करावा.

भारतात भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ मध्ये वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. त्यामुळे मालवणच्या किंवा अन्य किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ पेटीसाठी उचलून आणणे हा दंडनीय अपराध आहे.