बीजापासून बाळापर्यंत (भाग ४) : पहिला निरोप कधी निघतो?

मागच्या आठवड्यात आपण फलनापर्यंत आलो होतो. फलित बीज गर्भनलिकेतून गर्भाशयाकडे सरकत असतं, तेव्हा घरच्या चाचणीला सापडावं असं आईच्या लघवीत काहीच नसतं. ते गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागलं, की पुढे ज्यांची वार होणार त्या बाहेरच्या पेशींचं एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं. त्याचं काम तातडीचं असतं. अंडाशयातला पीतपिंड एरवी दोन आठवड्यांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन घटतं आणि पाळी येते. एचसीजी त्याला सुकू देत नाही.

हा निरोप कितव्या दिवशी निघतो, हे मात्र बराच काळ नीट मोजलं गेलं नव्हतं. बाई दवाखान्यात येते ती पाळी चुकल्यावर. हवा तो दिवस तोवर मागे पडलेला असतो. म्हणून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दिवस राहण्याच्या आधीपासूनच सुरुवात केली. मूल हवं म्हणून गर्भनिरोधन थांबवणाऱ्या २२१ स्त्रियांनी महिनोन्महिने रोज सकाळची पहिली लघवी साठवून दिली. या संशोधनातलं खरं कष्टाचं काम त्यांचंच, असं मला वाटतं. त्याच नमुन्यांत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या अंशांवरून बीज सुटल्याचा दिवस कळला आणि एचसीजीवरून रुजल्याचा.

एकूण १९८ गर्भधारणा सापडल्या. त्यांतल्या २२ टक्के कुणाच्या लक्षात येण्याआधीच संपल्या होत्या. चाचणी नसती, तर त्यांतल्या बहुतेकींची नोंद ‘पाळी आली’ एवढीच झाली असती.

१९९९ साली प्रसिद्ध झालेलं विश्लेषण त्याहून बोलकं आहे. टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्के बीज सुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी रुजल्या होत्या. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकरच गळाल्या, दहाव्या दिवशीच्या २६ टक्के, अकराव्याच्या ५२ टक्के आणि त्यानंतरच्या तब्बल ८२ टक्के. उशीर झाला म्हणून गर्भ गळतो, की मुळात कमकुवत गर्भच रुजायला उशीर लावतो, हे या आकड्यांवरून ठरत नाही. दोन्ही शक्य आहे.

आता औषधांच्या दुकानातल्या किटकडे वळू. ‘९९ टक्के अचूक’ हा जाहिरातींचा आवडता दावा. पण याच नमुन्यांवरून २००१ साली काढलेला अंदाज असा, की पाळीच्या अपेक्षित दिवशी सुमारे १० टक्के गर्भधारणा रुजलेल्याच नसतात. जो निरोप निघालेलाच नाही, तो कितीही महागड्या पट्टीला कसा वाचता येईल? आठवडाभर थांबलं तर जास्तीत जास्त ९७ टक्के गर्भधारणा हाती लागू शकतात. तेव्हा पाळी चुकलेल्या दिवशी एकच रेघ आली आणि पाळीही येईना, तर आठवड्याने पुन्हा तपासा. तोवर दिवस राहिलेले नाहीत असं धरून मनाने औषधं घेऊ नका.

(पुढील भागात : पीतपिंडाकडून वारेकडे)