नैसर्गिक निवड

आनुवंशिक भिन्नतेमुळे ज्या जीवांना विशिष्ट परिस्थितीत तगून राहणे व प्रजोत्पादन करणे अधिक सुकर होते, त्यांच्या संततीचे प्रमाण पुढील पिढ्यांत वाढत जाते. या प्रक्रियेस ‘नैसर्गिक निवड’ म्हणतात. क्रमविकास घडवून आणणारी ही एक प्रमुख प्रक्रिया होय [→ क्रमविकास]. चार्ल्स डार्विन व ॲल्फ्रेड रसेल वॉलिस यांनी स्वतंत्रपणे मांडलेली ही कल्पना लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे १ जुलै १८५८ रोजी वाचली गेली. डार्विन यांनी १८५९ मध्ये ओरिजिन ऑफ स्पीशीज या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले.

मूलतत्त्वे : या प्रक्रियेस तीन गोष्टी आवश्यक असतात : एकाच जातीच्या जीवांत भिन्नता असणे, ती संततीत उतरणे आणि तिच्यामुळे प्रजोत्पादनात फरक पडणे. भिन्नतेचा मूळ स्रोत उत्परिवर्तन (जीनमध्ये अकस्मात होणारा बदल) हा असून ते गरजेनुसार घडत नाही. निवड मात्र यदृच्छेने होत नाही. ती परिस्थितीवर अवलंबून असते.

शेंदरी बोंडअळी : मराठवाड्यातील कपाशीवरील ही कीड (पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) या प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या सूक्ष्मजंतूच्या जीनमुळे अळीला मारक प्रथिन तयार करणाऱ्या बीटी कपाशीस भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली. दोन प्रथिनांचे वाण २००६ मध्ये आले. पहिल्या प्रथिनास बोंडअळीने प्रतिकार केल्याचे २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झाले. पुढे दुसरेही निष्प्रभ ठरले आणि २०१७ च्या हंगामात नांदेडसह महाराष्ट्राच्या कापूस पट्ट्यात पिकाची मोठी हानी झाली.

अळीला ‘विषाची सवय झाली’, असे बोलले जाते. ते यथार्थ नव्हे. समजा, हजार अळ्यांपैकी दोघींच्या आतड्यातील प्रथिन उत्परिवर्तनामुळे असे बदललेले आहे, की विष त्यास चिकटत नाही. बाकीच्या मरतात व पुढील पिढी त्या दोघींपासून निपजते. एकही अळी बदललेली नसते. बदलते ते समुच्चयातील जीनांचे प्रमाण.

हा प्रतिकार बहुधा अप्रभावी असतो, म्हणजे मातापिता दोघांकडून तसा जीन मिळाला तरच अळी वाचते. म्हणून कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी अथवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल ते, आश्रयपीक म्हणून लावण्याचा नियम करण्यात आला. तेथे वाढलेल्या सामान्य पतंगांशी संकर झाल्यास प्रतिकारक पतंगांची संतती बीटी कपाशीवर मरते. भारतात हा नियम फारसा पाळला गेला नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात १९९६ पासून आश्रयपिकामुळे प्रतिकार लांबला. पुढे वंध्य पतंग सोडणे इत्यादी उपायांची जोड मिळून २०१८ मध्ये या किडीचे निर्मूलन जाहीर झाले.

घाटे अळीशी तुलना : लातूर जिल्ह्यातील मुरुडसारख्या भागात हरभऱ्यावर ‘घाटे अळी’, तुरीवर ‘शेंगा पोखरणारी अळी’ आणि कपाशीवर ‘हिरवी बोंडअळी’ म्हणून ओळखली जाणारी कीड (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) एकच आहे. शेंदरी बोंडअळीची उपजीविका जवळजवळ केवळ कपाशीवर होते. घाटे अळीस मात्र तूर व हरभरा हे विषरहित आश्रय आपोआप लाभतात. त्यामुळे बीटीविरुद्ध तिच्यात तितका व्यापक प्रतिकार निर्माण झाला नाही. याउलट, सर्वच पिकांवर फवारल्या गेलेल्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकांना याच अळीने १९८० नंतरच्या दशकात प्रतिकार केला होता. अंगी कोणता गुण असणे हितकारक, हे असे परिस्थितीच ठरविते.

व्यावहारिक महत्त्व : केवळ अधिक तीव्र विष वापरल्याने निवडीचा दाब वाढतो. म्हणून फरदड न घेणे, हंगाम संपताच पऱ्हाट्या नष्ट करणे व कामगंध सापळे लावणे, हे उपाय सुचविले जातात. फरदड टाळल्याने अळीचे अन्न खंडित होते व पिढ्यांची संख्या घटते. पिढ्या जितक्या कमी, तितकी निवडीची गतीही मंद होते.