साडी नेसलेले मर्द

मर्द कोणाला म्हणायचं? आमच्या पिढीला हे शिक्षण टीव्हीने दिलं. १९८५ साली आलेल्या मनमोहन देसाईंच्या 'मर्द'मध्ये दारासिंग आपल्या तान्ह्या पोराच्या छातीवर चाकूने 'मर्द' असं कोरतो आणि पोरगं रडत नाही. आमच्याकडे पोरगं पोलिओच्या दोन थेंबांना रडतं. पण तेव्हापासून मर्दाला दुखत नाही, हे देशभर पाठ झालं.

२०१८ साली वासन बाला यांनी 'मर्द को दर्द नहीं होता' याच नावाचा सिनेमा काढला. त्यातल्या हिरोला खरोखरच दुखत नाही, कारण त्याला जन्मजात आजार आहे. असा आजार असलेल्या मुलांना भाजलं, हाड मोडलं, तरी पत्ता लागत नाही. आमच्या धंद्यातही एरर न दाखवणारं सॉफ्टवेअरच सगळ्यात धोक्याचं. बाहेरून सगळं चालू दिसतं आणि आत डेटाची वाट लागलेली असते.

आता दाढीचे दिवस आहेत. २०२१ मध्ये 'पुष्पा' आल्यावर आपल्या सुरतेतली पोरंही एक खांदा वर करून हनुवटीखालून हात फिरवायला लागली. रिंग रोडवरच्या कापड मार्केटमध्ये बघा. अशी दाढी राखलेला, दंड फुगवलेला सेल्समन 'बेन, आ जुओ' म्हणत साडी स्वतःच्याच अंगाला गुंडाळतो, निऱ्या घालतो, पदर खांद्यावर टाकतो आणि 'कलर केवो लागे छे?' विचारतो. त्याच्या मर्दानगीला काही होत नाही, कारण तो धंदा आहे. आणि २०२४ च्या 'पुष्पा २'मध्ये खुद्द पुष्पाच गंगम्माच्या जत्रेत साडी नेसून गुंडांना लोळवतो. तिरुपतीच्या त्या जत्रेत पुरुषांनी स्त्रीवेष घ्यायची प्रथा खरोखरच आहे.

आपल्याला तर यात नवल वाटायचं कारणच नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगमंचावर जशी साडी नेसत, जसे दागिने घालत, तशी घरंदाज बायका नक्कल करत. त्याच काळात गुजराती रंगभूमीवर जयशंकर भोजक होते. 'सौभाग्य सुंदरी'मधल्या भूमिकेमुळे ते जन्मभर 'जयशंकर सुंदरी' म्हणून ओळखले गेले. बालगंधर्वांना १९६४ मध्ये आणि सुंदरींना १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं. मिशीला पद्मभूषण मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. सुंदरींच्या आत्मचरित्राचं नाव 'थोडां आंसु, थोडां फूल'. मला हे नाव फार आवडतं. नावातच आसवं असलेली पुरुषाची आत्मचरित्रं किती असतील?

आणि 'अशी ही बनवाबनवी'! १९८८ पासून आजपर्यंत उधना-लिंबायतच्या कुठल्याही मराठी घरात तो लागला, की रिमोटला कोणी हात लावत नाही. लक्ष्याची पार्वती आणि सचिनची सुधा बघून आमचे कडक काकासुद्धा सोफ्यावरून घसरतात. पण तिथे सवलत आहे, कारण ते सगळं खोलीसाठी केलेलं नाटक. रवी जाधवांच्या 'नटरंग'मधल्या गुणाला ती सवलत नव्हती. पहिलवानी अंगाचा हा गडी कलेपायी नाच्या होतो. त्याला कोणी हसून सोडून देत नाही. घर तुटतं, गाव थुंकतं. सोंग तेच. फक्त गुणाने ते मनापासून घेतलं.

साडीचं एक वेळ राहू द्या, आपल्याकडे साधं 'दुखतंय' म्हणायचीही चोरी. माझे बाबा जळगावकडून सुरतेला आले आणि तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभे राहिले. फोन केला की 'हां, बरं आहे. आईला देतो,' एवढंच बोलणार. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली, तर 'गॅस झालाय' म्हणून ओवा खाल्ला आणि स्कूटर काढून दूध आणायला गेले. दोन दिवस गॅसच होता. तिसऱ्या दिवशी आईने शेजाऱ्यांच्या मदतीने जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन स्टेंट टाकले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, 'उगाच खर्च केला.'

आता ते घरीच असतात. संध्याकाळी आईबरोबर मालिका बघताना मध्येच डोळे पुसतात. विचारलं, तर म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढलाय. चष्मेवाल्याकडे यायला मात्र तयार नाहीत.