चुनखडकाच्या कपारीतील नेचे

आदिलाबादच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या खोऱ्यात अतिप्राचीन चुनखडकाचे थर आहेत. असा खडक पाझरू लागला की त्याच्या कपारी आणि गुहांची तोंडे नेच्यांचे माहेरघर होतात. केसासारख्या काळ्या देठांचा हंसराज तेथेच रमतो.

नेच्याला फूल नाही, बीही नाही. पानांमागील ठिपक्यांतून बीजाणू गळतात. त्यांपासून उगवलेल्या चिमुकल्या, हृदयाकृती पात्यावर नरपेशी पोहत स्त्रीपेशीकडे जाते. त्यासाठी पाण्याचा पातळसा थर हवाच, आणि उन्हाने तापणाऱ्या मुलुखात तो सावलीतल्या ओल्या कपारीतच टिकतो.

अनोळखी नेचा दिसला म्हणजे नवी जाती सापडली असे मात्र नव्हे. खोडावरील खवले, ठिपक्यांची मांडणी आणि बीजाणू यांची ज्ञात जातींशी तुलना करावी लागते. वाळविलेला नमुना संग्रहालयात ठेवून वर्णन प्रसिद्ध केल्यावरच तिला नाव मिळते.

परंतु हाच दगड सिमेंटच्या भट्टीलाही लागतो. १९५६ पर्यंत आदिलाबादमध्ये असलेल्या राजुऱ्याच्या भागात त्याच्या खाणी आहेत. कपार फुटली की ओल जाते, आणि ओलीबरोबर नेचाही. ज्याला नावच मिळाले नाही, त्याचे जाणे कोणत्या वहीत नोंदवणार? म्हणून सुरुंगापूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञाने एक पावसाळा तरी तेथे हिंडावे.