फिल्म आणि डिजिटल छायाचित्रण

फिल्मवरचे छायाचित्र सरस की डिजिटल, हा वाद आपण पुष्कळदा ऐकतो. पण त्यात पडण्यापूर्वी, दोन्हींत प्रकाशाचे होते काय, हे समजून घेणे इष्ट होय.

कृष्णधवल फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. प्रकाश पडला की त्या कणांत चांदीचे मोजके अणू सुटे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. तरी प्रतिमा उमटलेली असते. ती सुप्त प्रतिमा. डेव्हलपरमध्ये फिल्म बुडवली की प्रकाश लागलेल्या कणांची काळी चांदी बनते. उरलेले क्षार हायपोने काढून टाकले की निगेटिव्ह पक्की होते.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनची चिप असते. तिच्यावरील लक्षावधी बारीक घरांत प्रकाशामुळे विद्युतभार साचतो आणि तो मोजून त्याचे आकडे नोंदले जातात. कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली असा कॅमेरा बनवला. त्याच्या चित्रात अवघे १०,००० बिंदू होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज खिशातला फोन कोट्यवधी बिंदू क्षणात टिपतो. सोय, वेग आणि काटकसर यांत डिजिटलच वरचढ, हे आम्हांस मान्य आहे.

प्रश्न आहे तो टिकण्याचा. १८९७ साली स्वीडनचे आंद्रे दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले, ते परतले नाहीत. १९३० साली क्वितोया बेटावर त्यांचे अवशेष सापडले, त्यांत न धुतलेली फिल्मही होती. तेहतीस वर्षे बर्फात पडलेल्या त्या फिल्मवरून ९३ चित्रे हाती आली! मात्र फिल्मही अमर नव्हे. जुनी नायट्रेट फिल्म भडकन पेटते. २००३ साली आपल्या पुण्यातच लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची अशी कितीतरी रिळे जळाली.

डिजिटल चित्राची नक्कल मुळाबरहुकूम होते. फिल्मची नक्कल दर वेळी थोडी उणावते. पण निगेटिव्ह नुसती उजेडाकडे धरली तरी दिसते, तर आकडे वाचण्यास यंत्र हवे आणि ते यंत्र लवकर जुने होते. ट्रंकेत विसरलेली निगेटिव्ह नातवाला सापडू शकते. विसरलेल्या डिस्कची तशी खात्री नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच : घरातील मोलाच्या चित्रांच्या नकला दोन ठिकाणी ठेवाव्यात, काही वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवाव्यात, आणि निवडक चित्रे कागदावर छापून, मागे नावे लिहून ठेवावीत.