बोनेर : परतीच्या तिकिटापासून सुरू होणारं बेट

बोनेरच्या किनारी रस्त्यावर गाडी हाकताना समुद्राच्या बाजूला थोड्या थोड्या अंतराने पिवळे रंगवलेले दगड दिसतात. प्रत्येकावर एक नाव असतं : ‘थाउजंड स्टेप्स’, ‘अॅलिस इन वंडरलँड’, ‘सॉल्ट पिअर’. नवख्याला ते मैलाचे दगड वाटतात. खरं तर प्रत्येक दगड म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा. गाडी बाजूला लावायची, पाठीवर टाकी चढवायची, मास्क लावायचा आणि रस्त्यावरून सरळ समुद्रात चालत जायचं. बोट नाही, तिची ठरलेली वेळ नाही, ‘चला, आटपा’ म्हणणारं कोणी नाही. इथे अशा खुणा केलेल्या ऐंशीहून अधिक जागा आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर किनाऱ्यावरूनच पोहोचता येतं.

व्हेनेझुएलाच्या उत्तरेला आरुबा, क्युरासाओ आणि बोनेर ही तीन डच बेटं आहेत; त्यांतलं बोनेर मुख्य भूमीपासून साधारण ८० किलोमीटरवर. बोनेरचं क्षेत्रफळ २८८ चौरस किलोमीटर, म्हणजे उपनगरांसह मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. व्यापारी वारे वर्षभर पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे पूर्व किनारा सतत खवळलेला आणि पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत. पिवळे दगड जवळजवळ सगळे याच पश्चिम बाजूला आहेत. कॅरिबियनमधल्या चक्रीवादळांची नेहमीची वाट बरीच उत्तरेकडून जाते, म्हणून ‘कोणत्या महिन्यात जावं’ या प्रश्नाचा बोनेरपुरता फारसा बाऊ करावा लागत नाही. पाण्याचं तापमान वर्षभर २६ ते २९ अंशांच्या घरात असतं. १९९९मध्ये ‘लेनी’ वादळ उलट्या दिशेने, पश्चिमेकडून आलं आणि त्याच्या लाटांनी याच शांत किनाऱ्यावरचे उथळ प्रवाळ मोडले. पण तो अपवाद.

ही मोकळीक बेटाला आपोआप मिळालेली नाही. डॉन स्टुअर्ट नावाचा एक अमेरिकी १९६२मध्ये शिडाच्या जहाजातून इथे आला आणि ‘कॅप्टन डॉन’ म्हणून इथलाच झाला. नांगर टाकला की प्रवाळ चिरडतात, हे पाहून त्याने बोटी बांधायला कायमच्या तरंगत्या बोयांचा आग्रह धरला. १९७१मध्ये भाल्याने मासे मारण्यावर बंदी आली, १९७५मध्ये प्रवाळ तोडण्यावर. १९७९मध्ये बेटाभोवतीचा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान म्हणून राखीव झाला. त्याची देखरेख ‘स्टिनापा’ ही संस्था करते. डायव्हिंगसाठी तिचं निसर्ग-शुल्क भरावं लागतं आणि पहिल्या डाइव्हआधी नियम समजून घेऊन एक सराव-डाइव्ह करावी लागते. पाण्यात हातमोजे घालायला मनाई आहे. हात उघडा असला की माणूस आधारासाठी प्रवाळाला धरायला कचरतो, इतका साधा हिशोब त्यामागे आहे. प्रवाळांना घातक ठरलेली दोन रसायनं, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट, असलेल्या सनस्क्रीनवरही बंदी आहे. बॅग भरण्याआधी बाटलीमागची बारीक अक्षरं वाचलेली बरी.

आता तिथे पोहोचायचं कसं? बेटावर उतरल्यावर सगळं सोपं आहे, उतरेपर्यंत मात्र काहीच सोपं नाही. मुंबईहून सरळ मार्ग अॅमस्टरडॅममार्गे. तिथून क्रालेंडाइकच्या, म्हणजे बोनेरच्या राजधानीच्या, फ्लेमिंगो विमानतळावर विमानं जातात. काही आरुबाला टेकून. दुसरा मार्ग अमेरिकेतल्या अटलांटा, ह्यूस्टन किंवा मायामीवरून. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना तोच सोयीचा. भारतातून निघणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावं की अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो.

बोनेर २०१०पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, पण शेंगेन क्षेत्रात येत नाही. कॅरिबियनमधल्या डच भूमीसाठी व्हिसा वेगळा. कोणाला त्यातून सूट मिळते याचे नियम बदलत असतात, तेव्हा डच दूतावासाची ताजी माहिती वाचल्याशिवाय तिकिटाला हात लावू नये. डच भूमी असली तरी चलन अमेरिकी डॉलर, २०११पासून. बाहेरून येणाऱ्या प्रौढांकडून प्रवेश-कर घेतला जातो, तो ऑनलाइन आधीच भरून ठेवला की विमानतळावरची एक रांग वाचते. क्युरासाओहून छोट्या विमानाने येणार असाल तर सामानाच्या वजनाचा नियम नीट पाहा. डायव्हिंगची बॅग मागे राहिली, तर पहिला दिवस काठावर बसून काढावा लागतो.

या सहलीची आखणी मी कोणालाही उलटीकडून करायला सांगेन. आधी परतीच्या विमानाची वेळ पाहायची. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडत राहतो. विमानाच्या केबिनमधला दाब अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीच्या डोंगरावरच्या हवेइतका कमी असतो. नायट्रोजन शरीरात शिल्लक असताना त्या दाबात गेलं, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एकच डाइव्ह झाली असेल तर किमान १२ तास आणि रोज अनेक डाइव्ह होत असतील तर किमान १८ तास उड्डाण टाळावं, अशी सर्वमान्य सूचना आहे. अनेक जण सरळ पूर्ण दिवस धरतात. विमान दुपारचं असेल तर आदल्या दिवशीची सकाळची डाइव्ह शेवटची. ती तारीख पक्की झाली की मग मागे मोजत यायचं. उतरल्याचा दिवस जेट लॅगचा. भारताच्या साडेनऊ तास मागे असलेल्या बेटावर पहिल्या सकाळी घाईने खोल जाण्यात शहाणपण नाही.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली जाऊन आलेली बरीच मंडळी ‘आम्ही स्कूबा केलंय’ असं म्हणतात. बोनेरला ते पुरत नाही. मालवणला प्रशिक्षक हात धरून नेतो. इथे आपण आणि आपला जोडीदार, तिसरं कोणी नाही. टाक्या भाड्याने घ्यायच्या तर प्रमाणपत्राचं कार्ड दाखवावंच लागतं. सुरुवातीच्या ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर, पुढच्या ‘अॅडव्हान्स्ड’ची ३०. तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात असं शिक्षण मिळतं. निघण्याआधी काही महिने ते उरकून घ्यावं. विम्याची कागदपत्रंही तेव्हाच वाचावीत, कारण नेहमीच्या प्रवासविम्यात स्कूबा पुष्कळदा वगळलेलं असतं. बेटावर नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर उपचार करणाऱ्या दाबकक्षाची सोय आहे, पण त्याचा खर्च खिशातून करायची वेळ येऊ नये.

सामानात एका गोष्टीवर पैसे वाचवू नयेत : जाड तळव्याचे बूट आणि त्यावर चढणारे मागून उघडे फिन्स. बोनेरचा किनारा वाळूचा कमी, मेलेल्या प्रवाळांच्या तुकड्यांचा जास्त. टाकीचं वजन पाठीवर घेऊन त्यावरून पाण्यात जाताना पातळ रबरी मोजे घातलेला माणूस ओळखू येतो, कारण तो दर पावलाला थांबतो. श्वासाचं रेग्युलेटर आणि तरंगणं सांभाळणारं जाकीट, म्हणजे बीसीडी, तिथे भाड्याने मिळतात. मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर मात्र स्वतःचा असावा. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नव्हे.

राहण्याच्या जागेआधी पिकअप ट्रक राखून ठेवा, हा सल्ला ऐकायला विचित्र वाटेल. पण इथे डायव्हरचं खरं बिऱ्हाड तोच असतो. मागच्या हौद्यात टाक्या उभ्या करायच्या, संपल्या की डाइव्ह-शॉपवर जाऊन भरलेल्या उचलायच्या. काही दुकानांत तर गाडीतून फारसं लांब जावंही लागत नाही. डाइव्ह करताना ट्रकमध्ये पैसे, फोन, पासपोर्ट काहीही ठेवायचं नाही, काचा खाली आणि दारं उघडी ठेवायची. चोराला काच फोडण्याचे कष्ट पडू नयेत, अशी ही व्यवस्था! स्वर्गातही भुरट्या चोऱ्या होतात.

डाइव्हच्या जागांमध्ये ‘हिल्मा हूकर’चं नाव हमखास निघतं. १९८४च्या उन्हाळ्यात हे बिघडलेलं मालवाहू जहाज क्रालेंडाइकच्या धक्क्याला लागलं. अधिकाऱ्यांनी झडती घेतली, तेव्हा पोटातून सुमारे ११ टन गांजा निघाला. मालक काही पुढे आला नाही. गळकं जहाज धक्क्यालाच बुडेल या भीतीने ते दूर नेऊन बांधलं गेलं आणि १२ सप्टेंबरला ते बुडालं. सत्तर मीटरहून लांब असा तो सांगाडा आज तीसेक मीटर खोलीवर कुशीवर पडलेला आहे. ‘सॉल्ट पिअर’खाली, मीठ भरण्याच्या धक्क्याच्या खांबांमध्ये, मोठ्या खोलीशिवायच माशांची गर्दी भेटते; धक्क्याला जहाज लागलेलं असेल तर मात्र तिथे उतरता येत नाही.

ते मीठ बोनेरची दुसरी गोष्ट सांगतं आणि विमानाआधीचा कोरडा दिवस तिच्यासाठी वापरावा. दक्षिणेची मिठागरं लांबूनच गुलाबी दिसतात, त्यांच्या पाण्यात रोहित पक्षी चरतात. रस्त्याच्या कडेला १८५०मध्ये बांधलेल्या दगडी खोपट्या आहेत, कमरेएवढ्या दाराच्या. मिठागरांत राबणारे गुलाम त्यांत रात्री झोपत. आठवडाअखेर ते उत्तरेकडच्या रिंकोन गावी आपल्या घरी कित्येक तास पायी चालत जात. १८६३मध्ये कॅरिबियनमधल्या डच वसाहतींतली गुलामगिरी संपली. बेटाची पापियामेंतू ही भाषा, आफ्रिकेचं देणं जपणारी, आजही रिंकोनच्या चौकात ऐकू येते.

रिंकोनच्या पुढे वॉशिंग्टन-स्लागबाई राष्ट्रीय उद्यान. निवडुंगांच्या रानातली लांबची फेरी ३४ किलोमीटरची, कच्च्या रस्त्याची. पिकअप इथे पुन्हा कामी येतो. सकाळी लवकर पोहोचावं, दुपारनंतर आत सोडत नाहीत. उद्यानाकडे निघण्यापूर्वी बीसीडी आणि बूट गोड्या पाण्याने धुऊन व्हरांड्यात टांगून ठेवावेत. बोनेरचा वारा संध्याकाळपर्यंत ते खडखडीत वाळवतो, आणि विमानतळाच्या काट्यावर ओल्या सामानाचे जादा पैसे भरावे लागत नाहीत.