हिरड्यांचा निर्णय मिलिमीटरवर

दात साफ करून घ्यायला गेलेल्या माणसाला खुर्चीत बसल्यावर कळतं, की साध्या स्केलिंगने भागणार नाही, ‘डीप क्लीनिंग’ करावं लागेल. भूल द्यावी लागेल, दोन-चार वेळा यावं लागेल आणि खर्चही कितीतरी पटींनी वाढेल. अशा वेळी काही जण मुकाट्याने मान डोलावतात. काही जण ‘पैसे काढायचे धंदे’ म्हणत उठतात आणि पुन्हा दवाखान्याकडे फिरकत नाहीत. दोघांनीही एक गोष्ट विचारलेली नसते: मोजलं किती? साधी सफाई की खोल उपचार, हा प्रश्न डॉक्टरांवरच्या विश्वासाचा किंवा खिशाचा होण्याआधी मोजमापाचा आहे, आणि ते मोजमाप पेशंटला दाखवलं गेलंच पाहिजे.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली १ ते ३ मिमी भरते. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई, म्हणजे प्रोब, या खाचेत हलकेच सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात आणि कुठे रक्त येतं तेही टिपतात. खोली ४ मिमी किंवा जास्त भरली, रक्त आलं आणि एक्स-रेमध्ये हाड खाली गेलेलं दिसलं, तर दुखणं नुसत्या हिरडीचं राहिलेलं नसतं. दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागलेलं असतं. या दोन अवस्थांमधला फरक फार मोठा आहे. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं बंद केलं आणि १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात सूज गेली. म्हणजे नुसती सूज उलटवता येते, तीही मुख्यतः घरच्या ब्रशने. गेलेलं हाड मात्र ब्रशने परत येत नाही.

मग प्रत्येक सूज हाडापर्यंत जाते का? त्याचं उत्तर श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर मिळालं. १९७० पासून पंधरा वर्षं तिथल्या कामगारांच्या हिरड्या तपासल्या गेल्या. त्यांना दातांचे उपचार जवळजवळ मिळतच नव्हते आणि सगळ्यांच्याच दातांवर कीटण साचलेलं होतं. तरीही सुमारे ८ टक्के लोकांची हाडं झपाट्याने झिजली, ८१ टक्के लोकांची हळूहळू, आणि ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. कीटण सारखंच, परिणाम मात्र वेगवेगळा. म्हणून ‘तुमच्या दातांवर खूप घाण आहे’ एवढ्यावरून कुणालाच खोल उपचार सुचवता येत नाही, आणि ‘माझे दात पांढरेशुभ्र आहेत’ म्हणून कुणी सुटतही नाही.

आता उपचारांकडे येऊ. स्केलिंगमध्ये दातावरचं आणि हिरडीच्या कडेचं कीटण निघतं. खोल उपचारात, म्हणजे रूट प्लेनिंगमध्ये, हत्यार हिरडीखाली मुळापर्यंत जातं आणि मुळावरचा जिवाणूंचा थर व कीटण काढतं. ज्यांच्या खाचा खोल आहेत त्यांना वरवरची सफाई अपुरी पडते, कारण ती आजाराच्या जागी पोहोचतच नाही. तोंड स्वच्छ वाटतं, वास कमी होतो आणि आत झीज चालूच राहते. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. स्वीडनमधल्या यान लिंदे आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की साधारण २.९ मिमीपेक्षा उथळ खाचेत रूट प्लेनिंग केलं तर हिरडीची दातावरची पकड सरासरीने कमीच होते. फायदा त्याहून खोल जागी दिसतो. हिरडी उघडून केलेल्या फ्लॅप शस्त्रक्रियेसाठी हीच सीमा ४.२ मिमीच्या आसपास निघाली. म्हणजे गरज नसलेला खोल उपचार नुसता महाग नसतो, तो अपायही करतो. संपूर्ण तोंडाला सरसकट डीप क्लीनिंगचं पॅकेज लावलं जातं, तेव्हा पेशंटने हे आठवावं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रोबचा आकडा तरी कितपत खरा? हात जड पडला तर मिलिमीटरभर फरक पडतो, आणि सुजलेली हिरडी वर आल्यामुळे हाड शाबूत असतानाही खाच खोल भरते. बरोबर आहे. पण त्यावर उपाय मोजणं सोडून देण्यात नाही, एक्स-रे जोडीला घेण्यात आणि पुन्हा मोजण्यात आहे. शंका असेल तिथे आधी साधी सफाई करून, ब्रश आणि इंटरडेंटल ब्रश नीट शिकवून, सूज उतरल्यावर परत मोजता येतं. तेव्हाही खोल राहिलेल्या जागाच पुढच्या उपचाराच्या.

दुसरा आक्षेप जुना आहे: सफाईने दात हलतात, फटी पडतात. हाड झिजल्यावर उघडी पडलेली जागा कीटणाने भरलेली असते. कीटण निघाल्यावर, सूज उतरल्यावर ती दिसते, एवढंच. खोल उपचारानंतर हिरडी थोडी खाली जाते आणि काही दिवस दात थंड पाण्याला झिणझिणतात, हे मात्र आधी सांगायला हवं. बरेच डॉक्टर सांगत नाहीत. आणि ‘मला काही त्रासच नाही’ हे कारण तर इथे चालतच नाही, कारण हाडाची ही झीज बहुधा दुखत नाही. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्तसुद्धा कमी येतं, त्यामुळे पहिली धोक्याची खूणच झाकली जाते. आपल्याकडे मशेरी लावून दात मजबूत होतात असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की मशेरी हाही तंबाखूच आहे. मधुमेह असणाऱ्यांनी तर हिरड्या मोजून घ्यायलाच हव्यात. अनियंत्रित साखरेने हिरड्यांचा आजार वाढतो आणि हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर काही महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा सरासरी आकडा, थोडा उतरतो, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

ज्यांचे आकडे चांगले आहेत त्यांनी ‘दर सहा महिन्यांनी स्केलिंग’ या नेमाची फार धास्ती घेऊ नये. ब्रिटनमधल्या दोन चाचण्यांवर आधारलेल्या कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात, गंभीर आजार नसलेल्या आणि नियमित तपासणीला जाणाऱ्या प्रौढांमध्ये ठरावीक काळाने केलेल्या सफाईमुळे हिरड्यांच्या सुजेत दोन-तीन वर्षांत फारसा फरक आढळला नाही. तपासणी मात्र चुकवू नये, कारण आकडे बदलतात.

तेव्हा डीप क्लीनिंग सुचवलं गेलं, तर हो-नाही करण्याआधी हिरड्यांचा चार्ट आणि एक्स-रे मागा. कोणत्या दाताला किती मिलिमीटर, रक्त कुठे, हाड कुठे गेलं ते दाखवायला सांगा. चार्ट नसेल तर मोजून घ्या, आणि तरीही मोजायला नकार मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांकडे, शक्यतो पेरिओडॉन्टिस्टकडे, म्हणजे हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे, जा. उपचार झालाच, तर साधारण तीन महिन्यांनी तेच आकडे पुन्हा मोजून घ्यायला विसरू नका.